पर्समधला कांदा

चैत्र लागला की माझ्या पर्समध्ये एक कांदा येतो. पांढरा, मुठीत मावेल एवढा, रुमालात गुंडाळलेला. मृगाचा पाऊस पडेपर्यंत तो तिथंच राहतो. सुकला की नवा घेते. पुण्यात येऊन निम्मं आयुष्य झालं. ऑफिस वातानुकूलित आहे, ऊन अंगावर येतं ते रिक्षातून उतरून फाटकापर्यंत जाण्यापुरतं. तरी कांदा असतोच. किल्ली शोधताना तो बाहेर आला की समोरचं माणूस आधी कांद्याकडं बघतं, मग माझ्याकडं. ‘ऊन लागू नये म्हणून’ एवढंच मी सांगते. त्यावर त्यांचं आश्चर्य कमी होत नाही, उलट वाढतं.

खानदेशातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. तापी आणि सातपुडा यांच्यामधल्या आमच्या पट्ट्यात, भुसावळ-यावल-रावेरच्या बाजूला, मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि दिवसच्या दिवस खाली उतरत नाही. दुपारी बाजारपेठेतली शटरं अर्ध्यावर येतात. ज्यांना बाहेर पडणं भाग आहे ती माणसं पांढरा रुमाल ओला करून डोक्याला बांधतात, कान झाकून घेतात आणि खिशात कांदा ठेवतात. खिशातला कांदा उन्हाची झळ ओढून घेतो अशी समजूत आहे. डॉक्टर तिला दुजोरा देत नाहीत. पाणी प्या, मीठ-साखर घ्या, सावलीत थांबा, असं ते सांगतात. मी तेही ऐकते, पाण्याची बाटली बरोबर असते. कांदा मी औषध म्हणून बाळगत नाही.

वडिलांच्या सदऱ्याच्या खिशात तो असायचा. रावेर तालुक्यात आमची केळीची बाग. उन्हाळ्यात केळीला पाण्याचा खंड चालत नाही, आणि वीज येईल तेव्हा मोटार चालू करायची, म्हणून भर दुपारीही त्यांना मळ्यात जावं लागे. ते निघाले की आजी उंबऱ्यापर्यंत यायची आणि त्यांच्या खिशात हात घालून कांदा आहे की नाही ते चाचपायची. तेव्हा ते स्वतः बाप झालेले होते, गावात चार माणसं त्यांचा शब्द मानत. पण ते निमूट उभे राहायचे. तिचा हात बाहेर आला की मग वहाणा पायात सरकवायचे. आजी गेली, त्यानंतर तेच उंबऱ्याशी थांबून खिशावर हात ठेवू लागले. पुढं मी जळगावला कॉलेजात जाऊ लागले, तेव्हा माझ्या पिशवीत कांदा आपोआप येऊ लागला. कुणी ठेवला हे विचारण्याची गरज नव्हती.

आता वडीलही नाहीत. चैत्रात बाजारातून पांढरा कांदा निवडून घेते तेव्हा घरातून निघणाऱ्या माणसाला चाचपून बघणारे ते दोन हात माझ्याबरोबर असतात. हे ऑफिसातल्या माणसाला दोन वाक्यांत कसं सांगणार? म्हणून मी ऊन म्हणते.

माझी दुसरी सवय ताटातली आहे आणि ती लपवता येत नाही. मला खिचडीवर कच्चं तेल लागतं. शेंगदाण्याचं, घाण्याचं मिळालं तर फार चांगलं. आमच्याकडं रात्रीचं जेवण म्हणजे बहुधा तुरीच्या डाळीची खिचडी. वाफाळत्या खिचडीत मधोमध खळगा करायचा, त्यात तेल ओतायचं, बाजूला भाजलेला उडदाचा पापड आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. तेल भाकरीवर, ठेच्यावर, डाळीवरही येतं. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी तर तेल आणि ठेच्याशिवाय पुढ्यात येतच नाही. पुण्यात वरण-भातावर तुपाची धार धरणाऱ्या घरांत मी जेवले, ते तूपही मला आवडलं. पण माझ्या ताटात तेलाची बाटली आली की त्या घरांत बोलणं थांबायचं. ‘कच्चंच?’ असा प्रश्न यायचा, त्यात काळजी असायची.

बाहेरच्या माणसाला आमचं भरीत चटकन कळतं. बामणोदची हिरवट, पांढऱ्या रेघांची मोठी वांगी तुरीच्या नाही तर कपाशीच्या काड्यांवर भाजतात, मिरच्याही त्याच धगीवर. मग लाकडी बडगीत ते सगळं एकत्र ठेचायचं, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे घालायचे. जळगावच्या या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हिवाळ्यात मळ्यामळ्यात भरताच्या पंगती बसतात, लांबून पाहुणे येतात. भरिताला मान मिळाला, कच्च्या तेलाला मिळाला नाही. पण दोन्ही एकाच चुलीपाशी वाढले.

माझ्या आजीचा तेलाचा हात सढळ होता आणि तो कधी सढळ झाला हे तिनं मला सांगितलं होतं. १९७२ चा दुष्काळ. रेशनवर लाल मिलो यायची. तिची भाकरी वळायची नाही, वळली तर गिळवायची नाही. घरात आदल्या वर्षीच्या शेंगांचं थोडं तेल होतं. आजी रोज मुलांच्या भाकरीवर ते बोटानं फिरवायची, घास घशाखाली उतरावा म्हणून. तिच्या स्वतःच्या भाकरीवर फिरवण्याइतकं ते नव्हतं. त्यानंतर पाऊस झाला, शेंगा आल्या, घरात तेलाचे डबे आले आणि तिनं आयुष्यात पुन्हा कुणाला तेल मोजून वाढलं नाही. पळी वाकडी झाली की समोरचं माणूस बस म्हणेपर्यंत वाकडीच राहायची. मी बस म्हणायची नाही. तिनं वाढलेलं तेल मी अजून खाते आहे.

उन्हाळ्याच्या रात्रींबद्दल थोडं सांगते, कारण पुढचं सगळं तिथून सुरू होतं. आमचं जुनं घर धाब्याचं, मातीच्या सपाट छताचं. होळीनंतर घरात कुणी झोपत नसे. दिवस मावळला की धाब्यावर पाणी शिंपडायचं, तापलेली माती निवू द्यायची, मग गोधड्या वर न्यायच्या. अजूनही उन्हाळ्यात मला बंद खोलीत झोप लागत नाही. मी गच्चीत झोपते. आमच्या इमारतीतल्या लोकांना आधी वाटलं की घरात काही बिनसलं आहे. आमच्याकडं अख्खं गाव आकाशाखाली झोपायचं, घराघरांतली बोलणी या धाब्यावरून त्या धाब्यावर जायची, आणि बोलणी थांबली की रेल्वे ऐकू यायची. भुसावळ-खंडवा मार्ग आमच्या गावापासून जवळ. सावदा, निंभोरा, रावेर या स्टेशनांवर केळीच्या वाघिणी भरायच्या, त्यामुळे गावाला गाड्यांची वेळापत्रकं तोंडपाठ. अंधारात पडल्या पडल्या आजोबा आवाजावरून गाडी सांगायचे. मध्यरात्र उलटून गेल्यावर एक गाडी न थांबता जायची. ते म्हणायचे, पंजाब मेल.

त्याच गाडीची त्याच रात्री, आमच्याकडं यायच्या थोडं आधी, चाळीसगावात एक माणूस वाट बघत असे. हे मला फार उशिरा कळलं.

केकी मूस. १९१२ साली मुंबईत एका पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पंजाब मेल मुंबईहून पहिल्यांदा निघाली तीही त्याच वर्षी. आईवडिलांचं दुकान चाळीसगावात होतं. केकी इंग्लंडला जाऊन चित्रकला आणि छायाचित्रण शिकून आले, आणि मग चाळीसगावच्या स्टेशनाजवळच्या आपल्या दगडी घरात शिरले ते जवळजवळ पन्नास वर्षं, ३१ डिसेंबर १९८९ ला डोळे मिटेपर्यंत, एखाददुसरा अपवाद सोडला तर बाहेर पडलेच नाहीत. त्या घरात त्यांनी काय केलं? टेबलावर घरातल्याच वस्तू मांडून त्यांतून अख्खे देखावे उभे केले आणि त्यांची छायाचित्रं काढली. दार न ओलांडणाऱ्या माणसाची ही छायाचित्रं देशोदेशीच्या प्रदर्शनांत गेली, बक्षिसं घेऊन आली. चित्रं, शिल्पं, लाकडात कोरलेल्या आकृती, कागदाच्या घड्या. एका आयुष्यात एवढं काम झालं, यावर त्या घरातून फिरताना विश्वास बसत नाही.

पण चाळीसगावात त्यांच्याबद्दल आधी जे सांगतात ते कलेचं नसतं. सांगतात ते असं. मुंबईत त्यांचं एका मुलीवर प्रेम होतं. ते चाळीसगावला निघाले तेव्हा तिनं शब्द दिला की एक दिवस पंजाब मेलनं मी येईन आणि आपण बरोबर जेवू. म्हणून ते रोज रात्री गाडीच्या वेळेला घराची दारं-खिडक्या उघडत, दिवे लावत, टेबलावर दोघांचं जेवण मांडत. गाडी स्टेशनात येई, थांबे, पुढं निघून जाई. स्टेशनाकडून कुणी येत नाही याची खात्री झाली की दारं लावून ते जेवत. हे एका रात्रीचं किंवा एका वर्षाचं नाही, जन्मभराचं.

ही हकिगत तोंडातोंडी आलेली आहे, आणि अशा हकिगतींना तोंडातोंडी वळणं मिळतात हे मला ठाऊक आहे. तरी तिच्यातला गाभा खरा मानावा असं मला वाटतं. कारण दुसऱ्या कुठल्याही समजुतीनं त्या घराचा उलगडा होत नाही. एक माणूस घराबाहेर पडत नाही ही गोष्ट विचित्र वाटते. पण ज्याला कुणी तरी ‘मी येईन’ असं सांगितलं आहे, तो घर सोडून जाणार कसा? आपण बाहेर गेलो आणि नेमकं तेव्हाच दार वाजलं तर? या एका प्रश्नापुढं त्यांचा दिनक्रम मला अगदी सरळ वाटतो. शेजाऱ्यांना रिकामी खुर्ची दिसली असेल. मूस यांना ती रिकामी दिसत नव्हती.

आणि आमच्या धाब्यावरून पुढं जाणारी गाडी तीच होती, ती मुलगी आली नाही हे चाळीसगावात ठरून गेल्यानंतरची. आजोबा नाव सांगून कुशीवर वळायचे. आता रात्री प्रवासात चाळीसगाव आलं की मी जागी असते. बरोबरची माणसं म्हणतात, झोप ना, तुझं स्टेशन पुढं आहे. मी खिडकीशी बसून राहते. ही सवय मला कुणी लावली नाही, केकी मूस यांच्याकडून मी ती घेतली.

मूस यांच्या आधी खानदेशानं अशा सवयी पाहिलेल्या होत्या. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ पासून पांडुरंग सदाशिव साने नावाचे शिक्षक होते. छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडं. मुलं वर्गात गेली की हे शिक्षक त्यांच्या खोल्या झाडत, अंथरुणं घडी करून ठेवत, तांब्या-भांडी घासत. मुलं परत येऊन बघत तर खोली लख्ख. कोण करतं हे कळल्यावर ती शरमली, आणि मग स्वतः आवरू लागली. त्या काळात शिक्षकाची छडी कुणाला नवी नव्हती. शिक्षकाच्या हातातला केरसुणीचा बुडखा मात्र कुणी पाहिलेला नव्हता. त्यांच्या हातात ती सवय कुठून आली हे सगळ्या महाराष्ट्राला पुढं कळलं, १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी आईच्या आठवणी लिहिल्या तेव्हा. कोकणातल्या पालगडची एक आई अमळनेरच्या छात्रालयात मुलांची अंथरुणं आवरत होती. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, आणि ते बोलणं साने गुरुजी भराभर उतरून घेत. दुसऱ्याचं काम आपलं मानून करायचं, हीच सवय तिथं लेखणीला लागली, आणि ‘गीता प्रवचने’ हाती आली.

राजवाड्यांचं मात्र मला कोडं आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आयुष्याच्या शेवटी धुळ्यात होते, ३१ डिसेंबर १९२६ ला तिथंच गेले. गावोगाव पायपीट करून जुनी दप्तरं धुंडाळायची, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायचा, मनाविरुद्ध काही झालं की तडक उठून चालू लागायचं, अशी त्यांची रीत. तरुणपणी बायको गेली, पुन्हा लग्न केलं नाही. त्यांच्या सवयींमागं माणूस शोधायला गेलं तर हाती येतात कागद. वाड्यांच्या माळ्यांवर कसर खात पडलेले, मेलेल्या माणसांनी मेलेल्या माणसांना लिहिलेले. कदाचित तीच त्यांची माणसं असतील. त्यांच्या मागं धुळेकरांनी १९२७ साली राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं आणि ते कागद सांभाळले. विक्षिप्त म्हणून ज्याच्याबद्दल कुजबुज चालते त्याचं एवढं जपणारं गाव विरळा.

धुळं माझं सासर. तिथल्या गल्ल्यांना नंबर आहेत, माणसांना मात्र अजून नावानं आणि नात्यानं हाक मारतात. माझ्या सासूबाई अहिराणी बोलत. फोन कुणाचाही असो, बँकेतून असो की नातवाचा असो, त्यांचं पहिलं वाक्य एकच: ‘जेवण व्हयनं का?’ सकाळी दहालाही, रात्री अकरालाही. बँकेतला मुलगा आधी गडबडे, मग खरंच सांगू लागे की झालं, नाही झालं, आज डबा आणला नाही. त्याच्या आवाजात फरक पडत असे, मी शेजारी बसून ऐकलं आहे. सासूबाईंच्या लहानपणी घरात दोन्ही वेळ चूल पेटेल याची खात्री नव्हती. तेव्हा ज्या प्रश्नाचं उत्तर ऐकायला जीव धास्तावायचा, तो प्रश्न त्यांनी पुढं जन्मभर सगळ्यांना विचारला, आणि उत्तर ‘नाही’ आलं तर काही तरी करायचीही त्यांची तयारी असे.

हे सगळं लिहिताना आसोद्याच्या बहिणाबाई सारख्या समोर येतात. १८८० चा जन्म, अक्षरओळख नाही, जळगावच्या चौधरी वाड्यात संसार. जात्यावर बसलं, शेतात वाकलं की तोंडातून ओव्या निघायच्या. घरच्यांना त्यात नवल नव्हतं. बाया काम करतात तेव्हा गातात, एवढंच. मुलगा सोपानदेव आणि त्याचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी काही टिपून ठेवल्या म्हणून १९५२ साली, त्या गेल्याच्या पुढल्या वर्षी, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं आणि महाराष्ट्र थक्क झाला. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. टिपून घेणारे दोघं नसते तर जात्यावरच्या बाईची एक सवय तिच्याबरोबर संपली असती. किती घरांत तशी संपली असेल, या विचारानं मला चैन पडत नाही.

म्हणून माझ्या भागातून पुण्या-मुंबईला आलेली मुलं भेटतात तेव्हा मला तळमळ लागते. हॉस्टेलच्या मेसमध्ये ती तेलाची बाटली मागत नाहीत. घरून आलेला ठेचा खोलीचं दार लावून खातात. आईचा फोन आला की जिन्यात जाऊन हळू आवाजात अहिराणी बोलतात, आत येताना पुस्तकी मराठी बोलत येतात. कुणी हसलं म्हणून त्यांनी हे सोडून द्यावं असं त्यात काही नाही. ज्यांनी त्यांच्या हाताला ही वळणं लावली ती माणसं दुष्काळातून, उन्हातून, अर्ध्या पोटातून पार झालेली आहेत, आणि त्यांनी मागं ठेवलेलं फार थोडं आहे. शेताचा तुकडा वाटण्यांत जाईल, धाब्याचं घर पडेल. सवय तेवढी कुणाला विकता येत नाही.

तेव्हा मुलांनो, मेसच्या टेबलावर तेल मागा. फोनवर आईशी सगळ्यांदेखत, तिच्याच बोलीत बोला. कुणी विचारलं तर टाळू नका, ते तेल पहिल्यांदा कुणी वाढलं हे नावासकट सांगा. आणि सुटीत घरी जाल तेव्हा आजीला, आजोबांना, वडिलांना त्यांच्या सवयी कुठून आल्या हे विचारून वहीत लिहून घ्या. ती माणसं आहेत तोवरच हे विचारता येतं.